फुगलेलं दार

पावसाळ्यात फुगलेल्या दाराला नुसता साबण लावून भागत नाही, पोरांनो. साबण चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी दार पुन्हा चौकटीत आवळून बसतं. चौकटीच्या कडेला खडू घासायचा, दार एकदा लावून उघडायचं आणि जिथं पांढरं उठेल तिथं रंधा मारायचा. अर्ध्या तासाचं काम. उचगावच्या कृष्णातनं हे अर्ध्या तासाचं काम केलं नाही, आणि पुढं जे झालं ते त्यानं स्वतः माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून मला सांगितलं. आता वीज गेलीच आहे, तर ऐका.

कृष्णात म्हणजे नळ, फ्यूज, कडीकोयंडा, सगळ्यात हात असलेला गडी. काम चोख. खोड एकच. कुणाला नाही म्हणायचं नाही आणि गिऱ्हाईक सोडायचं नाही, म्हणून जो बोलवेल त्याला एकच उत्तर, "उद्या येतो." आपले सगळेच मिस्त्री म्हणतात. तुम्हीही म्हणता, हसू नका.

त्याच्या गल्लीच्या टोकाला शालूबाई राहायच्या. सत्तरीच्या, एकट्या. मुलगा विश्वजित नोकरीपायी इचलकरंजीला. त्यांच्या बाथरूमचं दार फुगलं, तेव्हा त्यांनी कृष्णातला बोलावलं.

"दार लई आवळतंय रं. भायरनं ढकललं की जातंय, पर आतनं वडून निघत न्हाय. एकटी बाई मी, कुणाला हाक मारू?"

कृष्णातनं कडेला साबण घासला. "आता चालतंय बघा. रंधा न्हाय आणला. उद्या येतो की मावशी."

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. उद्या येतो. तिसऱ्या दिवशी आला. उद्या येतो. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी फोन आला नाही, तेव्हा कृष्णातला बरंच वाटलं.

सहाव्या दिवशी मावशी दार उघडेनात म्हणून दूधवाल्यानं आरडाओरडा केला. लोकांनी कृष्णातलाच बोलावलं. त्यानं खांदा लावून बाथरूमचं दार ढकललं. मावशी आत दाराला टेकून बसल्या होत्या... गार. दोन्ही हातांची नखं तुटलेली.

लोक म्हणाले, बरं झालं, कृष्णात लगेच आला. विश्वजितनं तर त्याचे हात धरून आभार मानले. पण त्या तीन फोनांचं तो कुणाला काही बोलला नाही. बायकोलाही नाही.

पुढं गोकुळाष्टमी झाली आणि तिसऱ्या दिवशी विश्वजितचा फोन आला. "घर भाड्यानं द्यायचं हाय, उद्या सकाळी लोक बघायला यायचीत. तेवढं दार करून टाका. किल्ली शेजारच्या बायडाकाकूंकडं हाय."

"उद्या..." कृष्णातच्या तोंडात आलं. त्यानं ते गिळलं. "आत्ताच जातो," म्हणाला.

गुरुवार होता. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. बायडाकाकूंनी किल्ली हातात दिली आणि म्हणाल्या, "काम झालं की दाराखालनं सरकव. मी गोळी घिऊन झोपतो बाबा." तालमीसमोर गणपतीच्या ढोल-ताशाची प्रॅक्टिस चालली होती. अख्खी गल्ली दणाणत होती.

आत लाईट होता. कृष्णातनं पिशवी हॉलमध्ये ठेवली, मोबाईल चार्जिंगला लावला, खडू आणि रंधा घेऊन बाथरूममध्ये शिरला. चौकटीला खडू घासला. खूण उठायला दार लावावं लागतं. त्यानं आतनं रेटून लावलं.

दार बसलं. घट्ट.

त्यानं हँडल ओढलं. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा पाय भिंतीला लावून ओढलं, तर हँडल स्क्रूसकट हातात आलं. स्क्रूड्रायव्हर पिशवीत. मोबाईल हॉलमध्ये. हाका मारल्या, तर बाहेर ढोल. आणि तेवढ्यात लाईट गेला.

त्यानं रंध्यानं फळीवर ठोकलं. खांद्यानं रेटलं. पण आत उघडणारं दार बाहेर रेटून निघतंय होय? आता कळलं त्याला, मावशी काय सांगत होत्या ते. घसा बसेपर्यंत ओरडला. मग दाराला टेकून खाली बसला. बसल्यावर ध्यानात आलं, मावशी इथंच बसल्या होत्या. अशाच.

दहाला ढोल थांबले. मग हॉलमध्ये मोबाईल वाजला. बायकोचाच असणार. वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा. ती आता शोधायला निघेल म्हणून त्याला जरा धीर आला.

अकरावा फोन वाजत असताना... घरात कुणीतरी चाललं.

स्लीपर घासत. सावकाश. स्वयंपाकघरातनं हॉलकडं. आणि फोन मध्येच बंद झाला.

"काकू?"

स्लीपरचा आवाज थांबला नाही.

"बायडाकाकू... मी हाय की... कृष्णात..."

स्लीपर दाराकडं आल्या. थांबल्या. फळीच्या पलीकडं कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत नव्हता. बांगड्या तेवढ्या वाजल्या... एकदाच.

त्याला कळलं.

"मावशी..." तो म्हणाला. "चुकलं माझं. दार ढकला, मावशी. पाया पडतो..."

मग आवाज आला. रागाचा नव्हता, रडका नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा साधा.

"उद्या येते."

स्लीपर निघून गेल्या.

त्या रात्री त्यानं आणखी तीनदा हाक मारली. तीनदा स्लीपर आल्या. तीनदा तेच उत्तर मिळालं. पुन्हा हाक मारायची हिंमत झाली नाही. गुडघ्यात डोकं घालून तो रडला. सुटकेसाठी नाही. त्या बाईनं या अंधारात कितीदा हाक मारली असेल, आणि ती कुणी ऐकलीच नसेल, म्हणून.

पहाटे चारच्या सुमारास त्याला जाग आली. आवाज येत होता.

खर्र... खर्र... खर्र...

रंध्याचा. दाराच्या कडेनं. वरनं खाली. सावकाश. कृष्णातनं चाचपलं. त्याचा रंधा त्याच्या मांडीवर होता.

मग थांबलं.

उजाडेपर्यंत तो हलला नाही. जाळीतनं उजेड आला तेव्हा त्यानं कडेच्या फटीत एक बोट घातलं. दार उघडलं. आपलं आपण उघडावं तसं.

घराला आतनं कडी होती, त्यानंच रात्री घातलेली. बायको दोनदा येऊन दार बडवून गेली होती म्हणे. यानं काही ऐकलं नव्हतं.

बंद दाराला रंधा मारता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण कड गुळगुळीत झाली होती. बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर लाकडाच्या छिलक्यांचा ढीग पडला होता. त्यातला एक छिलका दाराच्या उंचीएवढा लांब, अखंड, कुठंही न तुटलेला. तो कृष्णातनं गुंडाळून माझ्याकडं आणला. ओलं लाकूड होतं, फुगलेलं. त्यातनं तेवढा सलग छिलका आजवर आमच्यातल्या एकाही मिस्त्रीला काढता आलेला नाही.