वडीगोद्रीचं विरजण

पिवळ्या झाकणाची प्लास्टिकची डबी.

हायवेच्या कडेला पाटी : ‘म्हशीचं दही मिळेल’. खाली खडूनं : ‘बंद आहे’.

कुणाच्या तरी लग्नातलं थंडगार पाणी.

भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली झाकलेलं पातेलं.

हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे. थांबा, सांगते.

मी सत्यशीला. शहरातल्या मस्तगड भागात एका लॅबमध्ये नमुने तपासते. बाहेर भुरभुर पाऊस होता तेव्हा तो आला – उंच, भिजलेला, एक हात पाठीमागे. नाव भागवत, गाव वडीगोद्री. लग्नातलं पाणी बाधलं होतं. काय आणलंय विचारलं, तर तो कॅलेंडरकडे बघायला लागला.

“मॅडम... दुसरं कुणी घेणारं न्हाई का?”

“न्हाई. द्या.”

त्यानं मला पहिल्यांदा काय दिलं, हे आम्हाला कुणी विचारू नये.

शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट आला : जंतुसंसर्ग, आतड्याला सूज. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सोबत प्रोबायोटिकच्या पुड्या. पुडीत चांगले, जिवंत जंतू असतात, गोळ्यांनी ओसाड झालेल्या आतड्यात ते कामाला लागतात, असं मी समजावलं. तो दही विकणाऱ्या घरातला. त्यानं नीट ऐकलं... आणि घरी जाऊन पुडी दुधात विरजली.

आठवड्यानं पुन्हा हजर. पुन्हा पिवळ्या झाकणाची नमुन्याची डबी.

“तुमचे जंतू आळशी हायेत. रातभर ठेवलं, दूध जमलंच न्हाई.”

“ती पुडी दुधाला न्हाई, तुम्हाला होती.”

तो हसला. मीही – जरा जास्तच. प्रत्येक जंतूचं काम वेगळं असतं, हे सांगतानाही माझं हसू थांबेना. त्याची तपासणी आमच्याकडे नाही.

मग तो ‘कष्टाळू जंतू’ दाखवायला आईच्या हातचं दही घेऊन आला. लॅबमध्ये खायचं नसतं, म्हणून मी घरी नेलं. माझ्या आईनं त्यातलं चमचाभर बुद्धाच्या तसबिरीखालच्या पातेल्यात, दुधात घातलं. दुसऱ्या दिवशी त्यातलं चमचाभर पुन्हा. असं रोज.

महिन्याभरानं त्याची आई, उषाबाई, तशाच दुखण्यानं अंथरुणाला खिळल्या. दुकान बंद झालं. सासूकडून आलेलं, कधी खंड न पडलेलं विरजण नासलं. दुसऱ्या घरचं विरजण त्यांनी कधी घेतलं नव्हतं. आमच्या वस्तीतलं तर घोटभर पाणीही नाही. भागवत हे खाली मान घालून सांगत होता.

“तुमचं विरजण आमच्या घरी हाय,” मी म्हणाले.

त्याचे डोळे चमकले. “मंग द्या की. कुठून आणलं ते आईला सांगत न्हाई.”

“मंग देत न्हाई.”

त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. 

“आज विरजण चोरून न्याल... उद्या मलाही चोरूनच न्याल,” मी बोलून गेले. काय बोलले ते नंतर कळलं. त्याला मात्र लगेच कळलं होतं – कानापर्यंत लाल झाला.

काही दिवसांनी तो उषाबाईंनाच फेरतपासणीला घेऊन आला. त्यांना बाहेर ओट्यावर बसवलं. मी घरून डबा आणला. भागवत समोर उभा, दोन्ही हात पाठीमागे – या वेळी रिकामे.

“आई, आपलं विरजण ह्यांच्या घरी जितं राह्यलंय. ह्यांच्या आईनं रोज लावलं. अन्... मला लग्न ह्यांच्याशीच करायचंय.”

उषाबाईंनी फक्त डब्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे नाही. मग त्यांनी बोट बुडवलं आणि चाटलं.

“दूध जरा जादा तापवती तुझी आई,” त्या मला म्हणाल्या. “वडीगोद्रीला ये म्हणावं तिला. दाखवते.”

आणि हो, आठवड्यानं त्यानं आणलेल्या त्या दुसऱ्या डबीची तपासणी डॉक्टरांनी सांगितलीच नव्हती.