टाचेची पट्टी

यंत्र कधीच खोटं बोलत नाही, असं मी आयुष्यभर मानत आलो. आमच्या गोडदेवच्या सोसायटीतली लिफ्ट तेवढी अपवाद. ती सातवा मजला दाखवून पाचव्यावर उघडते.

माझी धाकटी बहीण संघप्रिया उत्तनच्या एका दवाखान्यात नर्स आहे. नवरा प्रितम गेल्या वर्षी काविळीने गेला, तेव्हापासून त्याची मोटारसायकल ती चालवते. उत्तनच्या उतारावर गाडी आपोआप न्यूट्रल होते, हे तिने एकदा जेवताना सहज सांगितलं. हसत. तो उतार प्रितम नेहमी न्यूट्रलमध्येच उतरायचा. पेट्रोल वाचतं म्हणे. त्या रस्त्यावर समोरून बस येते. दुरुस्त करून घेऊ, मी म्हटलं. तिने मला आणखी कालवण वाढलं.

रविवारी मीच गाडी काढली. क्लच वायर ठीक, चेन ढिली नाही, ऑइल नवं. उताराला चौथ्या गिअरात लागलो. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला. डावा पाय मी मुद्दाम वर उचलून धरला होता. लिव्हरची मागची पट्टी, गिअर कमी करायला टाचेने दाबतात ती, खाली गेली. टक. जरा थांबून पुन्हा टक. असं करत करत न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला.

गिअर निसटला तर एकदम निसटतो. एकेक करून उतरत नाही.

खारी गावातल्या परेश मेकॅनिकने इंजिन उघडलं. ‘सर, अंदर सब बरोबर है,’ म्हणाला. मग ती मागची पट्टीच काप, मी सांगितलं. पुढचा भाग पायाने वर उचलला तरी गिअर कमी होतोच.

संघप्रिया शेजारी उभी होती.

“दादा, राहू दे ना. तेवढंच उरलंय.”

मी तिला अपघातांविषयी बरंच काही ऐकवलं. परेशने ग्राइंडर चालू केला.

सोमवारी ती ड्युटीवरून परस्पर माझ्याकडे आली. गाडी न्यूट्रल झाली का, मी विचारलं. नाही म्हणाली.

“उतारभर माझ्या टाचेपाशी चाचपडत होता, दादा.”

मी पाणी पुढे केलं.

“सापडलीच नाही त्याला.”

मी तसाच खारीला गेलो. दुसऱ्या दिवशी परेशने पट्टीसकट नवी लिव्हर बसवली.

गाडी आता उतारभर चौथ्यातच राहते.

संघप्रिया बसने जाते.