मधला ब्रॅकेट

दवाखान्यातून फोन आला तेव्हा फिटर शेडमध्ये एका ब्रॅकेटच्या कडा कानशीने घासत होता. फोनवर मेहुणी होती. "भाऊजी, ताई गेली," एवढंच म्हणाली. फिटर "बरं" म्हणाला. आपण "बरं" का म्हणालो, ते त्याला कधी कळलं नाही. त्याने ब्रॅकेट खाली ठेवला, चष्मा काढून खिशात घातला. समोर अंगणात त्यांचं मोटरहोम, चाकांवरचं घर, उभं होतं आणि त्याच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराला मधोमध झोळ पडला होता, नेहमीसारखा.

चष्मा तिनेच दिलेला. चौदा वर्षांपूर्वी.

तेव्हा ती त्याची कुणीच नव्हती. चष्मेवाली होती. त्याच मोटरहोममधून गावोगाव फिरायची, लोकांचे डोळे तपासून चष्मे करून द्यायची. लोक बाहेर उन्हात ताटकळायचे, म्हणून तिने गाडीच्या बाजूला उघडणारं छप्पर आणलं आणि ते बसवून घ्यायला या शेडमध्ये आली. संध्याकाळी तिला पुढच्या गावी निघायचं होतं.

"दोनच ब्रॅकेट आहेत. तासाभरात होईल ना?"

"भिंत पातळ आहे, बाई. नुसते स्क्रू मारले तर वारं छपराबरोबर भिंतही घेऊन जाईल. आरपार बोल्ट घालायचे, आतून पट्टी लावायची. आणि आत कुणीतरी नट धरायला लागेल."

"कोण धरणार?"

फिटरने इकडेतिकडे पाहिलं. शेडमध्ये ती दोघंच होती.

"द्या तो पाना इकडे," ती म्हणाली.

ती आत गेली, तो बाहेर स्टुलावर चढला. खिडकीच्या कडेपासूनचं अंतर तिने आतून ओरडून सांगितलं, "त्रेचाळीस." त्याने टेप लावली, खूण केली, ड्रिल चालवलं... आतून काहीतरी फाटल्याचा आवाज आला.

"फिटर, किती मोजलंत?"

"त्रेचाळीस."

"टेप घेऊन आत या."

आत भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता होता. सगळ्यात वरच्या मोठ्या अक्षराच्या पोटातून भोक आरपार गेलं होतं आणि त्यातून ऊन आत येत होतं. ती रागावली नव्हती. तिने टेप त्याच्यापुढे धरली.

"वाचा."

त्याने टेप हातात घेतली आणि हात लांब केला.

"अजून लांब करा. नाहीतर असं करा, मी इथं धरते, तुम्ही रस्त्यावरून वाचा."

"जवळचं जरा... पुसट दिसतं."

"जरा? त्रेचाळीसचे अठ्ठेचाळीस केलेत."

"लांबचं चांगलं दिसतं पण," तो घाईने म्हणाला. "तुम्ही फाटकातून आत वळलात ना, तेव्हाच नीट दिसलात."

बोलून गेल्यावर त्याचे कान तापले. ती खणात चष्मा शोधत राहिली, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

चष्मा लावून त्याने पुन्हा भोकं पाडली. आता बरोबर आली. तो बाहेरून बोल्ट घालायचा, ती आतून म्हणायची, "धरलंय." मग तो आवळायचा. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, पण पाना किंचित हलला तरी तिचा हात कळायचा. मधेच चुकलेल्या भोकातून एक पेन्सिल हळूच बाहेर आली आणि त्याच्या कानाला टोचली.

"काय ते?"

"काही नाही. तुम्ही आहात का बघत होते."

"स्टुलावरून कुठं जाणार?"

आठ बोल्ट होते. त्याने ते होता होईल तेवढे सावकाश आवळले, तरी संपले. ऊन उतरलं होतं. ती आता निघणार. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्याला बोल्ट-नटांपलीकडे बोलता येत नव्हतं.

"हे भोक बुजवतो," तो म्हणाला. "पाणी येईल आत."

"रबराचं बूच लावा. काढता येईल असं." मग भोकापाशी तिचा आवाज आला, अगदी जवळून. "झालं सगळं?"

"झालं."

"घट्ट आहे?"

"अगदी."

"मग एक सैल करा."

"छप्पर खडखडेल, बाई."

"खडखडू दे. ते दाखवायला मला परत यावं लागेल..."

फिटरने चष्मा पुसला, पाना उलटा लावला आणि एक बोल्ट दोन वेढे सैल केला.

ती सात दिवसांनी आली. मग चौथ्या दिवशीच. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्याने बोल्ट पक्का आवळला आणि म्हणाला, "आता राहाच."

लग्नानंतर "तुम्ही"चं "तू" झालं, पण "फिटर" तेवढं तसंच राहिलं. "फिटर, मधे झोळ पडतोय, तिसरा ब्रॅकेट लाव ना," ती दर उन्हाळ्यात म्हणायची आणि तो "उद्या" म्हणायचा. शेवटी या वर्षी भोकं पाडली. त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं कॉटवरून तिने बजावलं, "नट मीच धरणार हं. दुसऱ्या कुणाला आत उभं करू नकोस."

तेराव्या दिवसानंतर मेहुणी अंगणात आली. झोळ बघून म्हणाली, "भाऊजी, मी धरू का आतून?"

"राहू दे," फिटर म्हणाला.

ब्रॅकेट घासून तयार आहे. चार बोल्ट, चार नट, पट्टी, सगळं एका डब्यात आहे. बसवायचा राहिला आहे.