घरी सोबत कोणी आहे ना?

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र हवी असते. ओसाड रस्ता हवा असतो.

यात तसलं काहीच नाही.

हे भर दुपारी घडलं. दिवे लखलखत असलेल्या एका ऑफिसात. आणि जिच्याबरोबर घडलं ती माझी मावसबहीण आहे. तिला थापा मारता येत नाहीत. वाढदिवसाचा बेत लपवायला सांगितला तरी तिचा चेहरा सगळं बोलून टाकतो. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी ठेवलाय, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

ताई एका विमा कंपनीत होती. मृत्यूच्या क्लेमच्या विभागात. घरातलं माणूस गेलं की नातेवाईक तिथे फोन करायचे. तो फोन ताई घ्यायची. नाव, पॉलिसी, नॉमिनी कोण, सगळं हळू आवाजात विचारून घ्यायची.

मग बातमी आली. हे काम बाहेरच्या कंपनीला जाणार. स्वस्तात.

सगळ्यांचं धाबं दणाणलं. रोज एखादी खुर्ची रिकामी दिसू लागली. पाठीवर विसरलेला स्वेटर, टेबलावर अर्धा कप थंड कॉफी. कुठे गेला, असं कोणी कोणाला विचारायचं नाही.

उरलेल्यांना हुकूम सुटला, की जाण्याआधी आपापलं काम नव्या माणसाला शिकवा. तो दूर कुठेतरी बसलेला. आपण हेडफोन लावायचा आणि शिकवायचं. म्हणजे धोंडा आपणच उचलायचा, आपल्याच पायावर पाडायचा, आणि वर हसतमुख राहायचं.

ताईचा जीव टांगणीला लागला होता. दाजींचा कारखाना बंद पडलेला. ते वर्षभर घरी बसून होते. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

विभागात सर्वांत जुने होते ते मास्तर. सगळ्यांना काम त्यांनीच शिकवलेलं, म्हणून हे नाव. एकदा ते ताईच्या टेबलाशी वाकून कुजबुजले, "अगं, सगळं ओतून मोकळी होऊ नकोस. एक तरी गोष्ट मुठीत ठेव. त्यांचं अडलं की झक मारत तुलाच बोलावतील."

सगळेच काही ना काही लपवत होते. ताईनेही लपवलं.

तिचा शेवटचा प्रश्न.

सगळी माहिती घेऊन झाली की फोन ठेवण्याआधी ती विचारायची, "घरी सोबत कोणी आहे ना?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प थांबायची. कोणी नसेल तर शेजारचं माणूस येईस्तोवर बोलत राहायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं होतं.

शिकवणी सुरू झाली.

पलीकडे एक बाई होती. मऊ आवाजाची. ताईने हेडफोन कानाला लावला रे लावला, की...

"बोला ताई."

ना नमस्कार, ना नाव. जणू ती आधीपासूनच तिथे बसलेली.

मास्तरांच्या हेडफोनमध्ये त्यांच्या शिकाऊ पोराच्या मागे पंखा घरघरायचा. कोणी शिंकायचं, कोणी खिदळायचं. ताईच्या कानात मात्र काहीच नाही. पंखा नाही. खुर्चीची करकर नाही.

श्वाससुद्धा नाही...

लाइन चांगली असेल, अशी ताईने मनाची समजूत घातली.

मग तो आवाज बदलू लागला. ताईला मध्येमध्ये "हं, हं" करायची सवय आहे. पलीकडूनही "हं, हं" येऊ लागलं. मग ताईसारखंच घसा खाकरणं. एका दुपारी ती बाई हसली... आणि ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

ते हसू ताईचं स्वतःचं होतं.

"झालं हं आपलं सगळं शिकवून," ताई घाईघाईने म्हणाली.

"नाही ताई. शेवटचं राहिलंय."

"शेवटचं काय?"

"तुम्ही मुठीत ठेवलंय ते."

ताईने हेडफोन टेबलावर टाकला आणि तडक साहेबांची केबिन गाठली.

"साहेब, मला ती बाई नको. शिकवायला दुसरं कोणीतरी द्या."

साहेबांनी स्क्रीनवर शोधलं. पुन्हा शोधलं. "कुठली बाई, मॅडम? तुम्हाला अजून कोणी दिलेलंच नाही. सोमवारपासून मिळेल."

"मग मी इतके दिवस कोणाला शिकवतेय?"

साहेब हसले. ताण आलाय, म्हणाले. पाणी प्या, म्हणाले.

ताईने टेबलाशी परतून मास्तरांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "मला वाटलं, तू एकटीच सराव करतेयस," ते हळूच म्हणाले. "तुझ्या हेडफोनची वायर तर खाली लोंबतच असते की गं."

ताईने वाकून पाहिलं.

वायर कशालाच जोडलेली नव्हती.

तिने हेडफोन ड्रॉवरमध्ये कोंबला. कुलूप लावलं. किल्ली दोनदा हातातून पडली.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. एक आजोबा होते. त्यांची बायको त्याच दिवशी सकाळी गेली होती. ते एकेक उत्तर देत होते, शहाण्या मुलासारखं. ताईने सगळं लिहून घेतलं. शेवटचा प्रश्न विचारायचा नाही, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं. ड्रॉवरकडे पाहत ती ओठ घट्ट मिटून बसली.

"बरं बाई, ठेवतो मग," आजोबा म्हणाले.

आणि त्यांनी फोन ठेवलाच नाही. नुसते श्वास घेत राहिले.

ताईला राहवलं नाही. तोंडावर हात धरून, अगदी पुटपुटत तिने विचारलं, "आजोबा... घरी सोबत कोणी आहे ना?"

"नाही गं. मुलगा संध्याकाळी पोचेल."

ती बोलत राहिली. शेजारीण आल्याचा आवाज आला, तेव्हाच तिने फोन ठेवला.

सगळं शांत होतं.

मग कुलूपबंद ड्रॉवरमधून...

"मिळालं, ताई."

नवा माणूस मिळायच्या आधीच, त्याच आठवड्यात, ताईची नोकरी गेली. साहेबांनी घसा साफ करून काहीतरी चांगलं-चांगलं म्हटलं. ताईने ते ऐकलंही नाही. टेबलावरचा डबा उचलला आणि बाहेर पडली. ड्रॉवर तिने उघडलाच नाही. चाकरी गेली तर गेली, पीडा तरी टळली, असं तिला वाटलं. दाजीही म्हणाले, "जाऊ दे गं, काढू काहीतरी वाट." त्या दिवशी तिला किती तरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचीच वेळ. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. दाजी तिच्या समोरच, हातभर अंतरावर खुर्चीत बसले होते.

दाजींचा फोन वाजला.

"हो, बोलतोय," ते म्हणाले. "हो... मी तिचा नवरा."

कंपनीचा फोन असणार. ताई घडी घालता घालता ऐकू लागली.

"हो... नॉमिनी मीच." दाजींचा आवाज पडला. "हो, अचानकच... आम्हालाही काही कळलं नाही."

ताईचे हात थांबले.

"अहो, कोणाबद्दल बोलताय?" तिने विचारलं.

दाजींनी मान वळवली नाही. फोनमधून हळू, मऊ आवाज झिरपत होता. एकेक प्रश्न, ठरलेल्या क्रमाने. मध्येच "हं, हं". मध्येच घसा खाकरणं.

ताईची दातखीळ बसली. पुढचा प्रश्न कुठला, तो तिला पाठ होता.

"घरी सोबत कोणी आहे ना?"

आणि मग... शांतता. पलीकडची बाई वाट पाहत होती. ताई पाहायची तशीच.

दाजींनी खोलीभर नजर फिरवली. दार. खिडकी. कपड्यांचा ढीग. ती नजर ताईवरून सरकली, जराही न अडखळता.

"नाही हो," ते म्हणाले. "एकटाच आहे मी."

ताई किंचाळली. त्यांचा दंड धरून गदागदा हलवला. दाजी दचकले. "अगं, काय झालं? ओरडतेस काय?"

"कोणाचा फोन होता तो?"

"कुठला फोन?"

फोनवर कुठल्याच कॉलची नोंद नव्हती.

दाजींना आजही विचारलं तर ते हसतात. ताण आलाय तिला, म्हणतात. ताई हसत नाही. ती घरात फिरताना सारखी बोलत असते. "मी आहे हं." स्वयंपाकघरातून. "इथेच आहे मी." बाथरूममधून. बोलणं थांबवायची तिला भीती वाटते.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. दाजींनी दार उघडलं.

"ताई आहे ना घरी?" मी सहज विचारलं.

दाजी माझ्याकडे पाहत राहिले. कपाळाला आठ्या पडल्या... काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असावेत तशा.

तेवढ्यात आतून आवाज आला, "आहे, आहे! मी आहे हं!"

आवाज ताईचाच होता.

तरी पाऊल आत टाकायला मला फार वेळ लागला.