ताईची खिडकी

"खिडकी कुणी उघडली? माझं नातवंड मारायचंय व्हय तुला?"

"मी कशाला उघडू, आत्याबाई? मला बाजेवरून उठता तरी येतंय का!"

कस्तुराताई बारा दिवसांची बाळंतीण, आणि पडल्या पडल्या सासूशी भांडत होती. सासू म्हणजे शालनबाई. ऐकतेय कसली!

खोटं वाटेल, पण यातलं एक अक्षर पदरचं नाही. कस्तुरा माझी सख्खी थोरली बहीण. एकोणऐंशी सालचा पौष, आकुर्डीतली चाळ, कडेची खोली. आणि रात्र नाही राव... भर दुपार.

रोजचं ठरलेलं. अंघोळ झाली की ताईला बाजेवर निजवायचं, खाली शेगडी सारायची, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, दाराला बाहेरून कडी. बाळंतिणीला वारा लागता कामा नये ना!

ज्योतीराम दाजी फौंड्रीत कामाला. त्या साली त्यांनी तिथला कोळसा पोतंभर आणलेला. धूर नाही, वास नाही. नुसती धग.

"बघ, डोळ्यांत पाणी तरी येतंय का?" शालनबाई खूश.

पण दार लागलं की ताईचं डोकं ठणकायचं. हातपाय शिशाचे व्हायचे. आणि मग...

कट्.

खिडकीची आतली कडी. आपोआप वर.

चिंध्या एकेक करून गळायच्या... खिडकी उघडायची... गार वारा आत.

त्या दिवशी ताईने बघितलं. चिंधी ओढणारी बोटं. नखं लालबुंद. हिरवा चुडा. आणि चुड्याच्या मागे...

काहीच नाही.

तिने सांगितलं, तशी शालनबाईने बोंबच ठोकली. शेजारच्या फरीदाभाभी आल्या. चेहरा पांढराफटक.

"अम्मा, बोलणार नव्हते. तीन साल झाले, याच खोलीत एक बाळंतीण गेली. बच्च्यासकट. झोपेतच. अंगावर ओरखडा नाही. शेगडी तेवढी गरम होती."

"बाळावर डोळा हाय तिचा!" शालनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दाजींनी बाहेरून खिडकीवर आडवी फळी ठोकली. सहा खिळे. शालनबाईने उशाखाली विळा ठेवला आणि शेगडी काठोकाठ भरली.

"अहो, नका ठोकू! मला गुदमरतंय!"

"भीतीने होतंय गं तसं. पड गप."

कडी लागली.

डोकं ठणकायला लागलं...

कट्.

आतली कडी वर झाली. खिडकी मात्र हलेना.

मग नखं. लाकडावर नखं. खर्र... खर्र... कोंडलेली बाई ओरबाडते तशी.

आणि तेव्हा ताईच्या डोक्यात आलं. ती बोटं बाळाकडे एकदाही आली नव्हती.

एकदाही नाही.

बाळ रडत नव्हतं. हलवलं. मान लुळी. ताई बाजेवरून खाली पडली, फरफटत दाराशी गेली. हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटेना.

धाड्!

बाहेर फळी पडली. वारा घुसला. आवाजाने फरीदाभाभी धावल्या, कडी काढून बाळाला उघड्यावर घेऊन पळाल्या. कितीतरी वेळ काही नाही... मग ते रडलं.

सहाच्या सहा खिळे फळीवर ओळीत मांडलेले होते. एकही वाकडा नव्हता.

ताईने त्याच दिवशी खोली सोडली. आता थंडी असो, पाऊस असो, खिडकी लावू देत नाही.

सांगायचं कारण... त्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलंय. घरात बाळंतीण आहे. सकाळीच जाऊन सांगितलं, शेगडी बाहेर काढा म्हणून. आठवीतून शाळा सोडलेल्याचं कोण ऐकतंय! शिव्या घालून हाकललं. माझंही डोकं फिरलं, चार शिव्या देऊन आलो. खिडकीला त्यांनी लोखंडी पट्टी मारलीय.

बारा वाजत आलेत. अंघोळ उरकली असेल.

थांबा...

कट्.

ही माझ्या घरातली खिडकी. कडी वर झालीय. आत्ता, माझ्यासमोर.

तिला तिथली उघडता येत नाहीये.

मी निघतो.