वजिराच्या पानावरचा शेरा

चष्म्याचा स्क्रू निसटला, म्हणून ती समोरच्या चष्म्यांच्या दुकानात शिरली. तरुण चष्मेवाल्यानं काडी बसवता बसवता हसून विचारलं, "मी दिसतोय का?"

"धूसर."

"मग चांगलाच दिसत असेन!"

तिला हसू फुटलं. त्यानं चष्मा हातात दिला, तिनं घातला... आणि काउंटरवरचा कागदांचा गठ्ठा दिसला. तिनंच तपासलेली प्रुफं! समासात तिचंच पेन्सिलीतलं अक्षर.

ती एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. या पुस्तकाचं म्हणणं असं, की इजिप्तच्या राजांच्या कालगणनेत दोन-तीनशे वर्षांची गफलत आहे. ती काढली की बायबलमधला योसेफ — भावांनी विकलेला, पुढे इजिप्तचा कारभारी झालेला — तिथल्या एका वजिराशी जुळतो. वैतागून तिनं वजिराच्या पानावर लिहिलं होतं — 'लेखकाने आधी डोळे तपासून घ्यावेत.' नंतर खोडायचं राहिलं, आणि प्रुफं तशीच लेखकाकडे गेली.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"आठ वर्षं खपून." त्यानं गठ्ठा पालथा घातला. "पण तपासणारे कुणी विद्वान म्हातारबुवा असावेत. पार सालटी काढलीत माझी."

तिचे कान तापले. ती पैसे देऊन निघून गेली.

मग ती तीनदा आली. कधी डबीसाठी, कधी पुसायच्या फडक्यासाठी. तो वजीर, धान्याची कोठारं, सात वर्षांचा दुष्काळ सांगत राहायचा. ती हनुवटीला हात लावून ऐकायची. म्हातारबुवांची थट्टा निघाली की तीही हसायची — आणि घरी गेल्यावर आरशात बघवायचं नाही.

पुढच्या खेपेला आली, तेव्हा तो गठ्ठा पाकिटात भरत होता. "परत देतोय. नकोच छापायला."

"ते म्हातारबुवा... मी आहे."

त्याचा हात थांबला. "आणि इतके दिवस माझ्याबरोबर हसत होतात?"

"हो. लाज वाटते सांगायला. तुमचं म्हणणं मला अजून पटत नाही. पण योसेफ भावांना ओळख न देता आत जाऊन रडतो ना, त्या पानावर छपाईच्या दोन चुका सुटल्या माझ्या नजरेतून. डोळेच भरून आले होते..."

ती जायला वळली.

"थांबा." त्यानं स्टूल पुढे सरकवलं. "कुठल्या दोन?"

ती बसली. खाली मान घालून तिनं खुणा केल्या. "तो शेरा खोडू?"

"राहू दे. त्याच्यामुळेच येत होतात ना इथे?"

"आधी त्याच्यामुळे."

"आणि नंतर?"

"नंतर..." कागदावरची नजर न काढताच ती म्हणाली, "तुमच्यामुळे."