तीन पुंकेसर, सहा पुंकेसर

गावातल्या सर्वांत चांगल्या केशरशेताचं बक्षीस यंदा स्तेर्ग्योसमामाला मिळालं. ते मिळालंच नाही असं गावाने नंतर एकमताने ठरवलं, तेव्हा आपणही तसंच समजू या.

ऑक्टोबरची सुट्टी होती. एव्हांथिया मामाच्या शेतात फुलं खुडायला वाकली ती वाकूनच राहिली.

"उसण भरली का गं?" तिच्या दोस्ताने, थ्रासोसने विचारलं.

"या फुलांना पानंच नाहीत."

"घरी विसरली असतील."

तिने एक फूल उकललं. केशराच्या कुळात पुंकेसर तीन असतात. इथे सहा होते. केशराचे लाल तंतू एकाच दांड्यातून फुटतात. इथे तीन फिकट धागे बुडापासूनच वेगळे. म्हणजे हे केशर नव्हे, कोल्चिकम. कुळ वेगळं, आणि जहरी.

थ्रासोस रांगेकडे बघत म्हणाला, "एव्हा, ही तर आपण आणलेली."

गेल्या आठवड्यात मामाने दोघांना डोंगरावर पिटाळलं होतं. शाळेसाठी दोन कुळांचा तुलनातक्ता करायचा, कोल्चिकमचे कंद हवेत, दोनशे. एका तक्त्याला दोनशे कंद कशाला, हे एव्हांथियाने विचारलं नाही. पुंकेसर मोजायला तिला मामानेच शिकवलं होतं. त्याच्या हिशेबावर ती कशी शंका घेणार? तक्त्याला दोन लागले. उरलेले, उंदरांनी केशराचे कंद फस्त केलेल्या रांगांमध्ये, ऐटीत फुलले होते.

ती तडक मामाकडे गेली.

"अगं, परीक्षक फुलं मोजतात," मामा हसला. "फुलांच्या पोटात कोण शिरतंय? तू माझी शहाणी ना? मग गप्प बस."

पण जिंकलेल्या शेतातली पहिली टोपली गावजेवणाच्या भातासाठी जायची.

दुपारी परीक्षकांनी काठीने वाफे मापले, फुलं मोजली आणि मामाचं नाव पुकारलं. टाळ्या थांबल्यावर एव्हांथिया पुढे झाली.

"मामाने करायला सांगितलेला तक्ता वाचू?"

"वाच की, बाळ," गावचे अध्यक्ष म्हणाले. मुलांनी काही वाचलं की ते डोळे मिटून घेत.

"पहिलं कुळ. पुंकेसर तीन. हे फूल शेजारच्या शेतातलं. दुसरं कुळ. पुंकेसर सहा. हे इथलं. हेही इथलं. हेपण."

अध्यक्षांनी डोळे उघडले. त्यांनी मोजले. परीक्षकांनी मोजले. पाद्रीबाबांनी दोनदा मोजले, पण सहाचे तीन काही होईनात.

"सख्ख्या भाचीने गळा कापला," मामा पुटपुटला.

"कंदही सख्ख्या भाचीनेच आणले, मामा," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला.

"पोरीने गाव वाचवलं," अध्यक्षांनी तिची पाठ थोपटली. सगळ्यांनीच थोपटली, पाठ हुळहुळली.

संध्याकाळी तिने गावच्या कचेरीत अर्ज दिला, तीन प्रतींत: "महोदय, मला पुंकेसर मोजायला शिकवणारा मामा आपल्या कार्यालयाने आठ दिवसांच्या आत सुस्थितीत परत मिळवून द्यावा, ही विनंती. सध्या घरी असलेला चालणार नाही."